वरून वाळलेला डोंगर

माझी शेवटची पोस्टिंग धारूरच्या डोंगरावर झाली. त्याआधी मी बर्फात राहिलो, वाळवंटात राहिलो. त्या दोन ठिकाणांबद्दल बोलायला लागलो की लोक खुर्ची पुढे ओढतात. धारूरचं नाव काढलं की हसतात. "म्हंजे हवालदार, तुमी फौजेत झाडं लावलीत व्हय?" असं मला माझ्याच गावात, नांदूरघाटच्या बाजारात, चहाच्या टपरीवर चारचौघांत विचारलेलं आहे. हो, लावली. ज्याला हसायचंय त्याने आधी मार्च महिन्यातल्या दुपारी टोपी न घालता त्या डोंगरावर अर्धा तास उभं राहून दाखवावं. मग आपण बसून हसू.

फौजेत अशीही एक पलटण असते हे पुष्कळांना माहीत नसतं. रिटायर झालेल्या जवानांना पुन्हा वर्दी देतात आणि उजाड जागी झाडं जगवायला पाठवतात. मी पेन्शन घेऊन घरी आलो होतो. चार-सहा महिन्यांत बायकोला माझा आणि मला खाटेचा वीट आला. भरती निघाल्याचं कळलं तेव्हा तिनेच माझी ट्रंक माळ्यावरून खाली काढली.

आम्हाला मिळालेला डोंगर म्हणजे एका ग्रामपंचायतीचं गायरान. बालाघाटाची कड. वर काळा कातळ, खाली मुरूम, मधोमध एक घळ. झाड म्हणावं असं काही नाही. करार सरळ होता. तीन वर्षं डोंगर पलटणीकडे, मग पाहणी. झाडं जिवंत दिसली तर डोंगर राखीव, कुणी कुदळ लावायची नाही. मेलेली दिसली तर डोंगर ग्रामपंचायतीला परत. परत आल्यावर तो कुणाच्या घशात जाणार हेही उघड होतं. एका खडी क्रशरवाल्याने पायथ्याची जमीन आधीच घेऊन ठेवली होती. तो महिन्या-दोन महिन्यांनी पांढऱ्या गाडीतून यायचा, खाली उतरायचा आणि डोंगराकडे बघत सुपारी खायचा.

आमचा दिवस पाच वाजता सुरू व्हायचा. फॉल-इन, गिनती, चहा, आणि ऊन चढायच्या आत डोंगर. रायफलीच्या जागी टिकाव, फावडं, घमेलं. खड्डे खणायचे, दगडी बांध घालायचे, टँकर पायथ्याला थांबायचा तिथून पाणी खांद्यावर वर न्यायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. शेळ्यांवर पहारा वेगळा. चेष्टा वाटते, पण ज्याने भुकेली शेळी तारेच्या कुंपणातून आत शिरताना पाहिली आहे तो घुसखोरीबद्दल मला शिकवायला येणार नाही.

आमचे कमांडर मेजर साहेब हरियाणाचे. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते निम्मं हिंदीत. पहिल्या वर्षी ट्रक भरून रोपं आली. हिरव्या जाळीखाली रोज पाणी पिऊन वाढलेली, लांबलचक, मऊ. गुलमोहर होता, सिल्व्हर ओक होता, आणखी कसली कसली शोभेची झाडं होती. आम्ही ती उतरवली आणि थेट डोंगरावर नेऊन लावली. वास्तविक आम्हा सगळ्यांना हे कळायला हवं होतं. बर्फातल्या पोस्टवर चढण्याआधी फौज माणसाला मधल्या टप्प्यावर थांबवते. पातळ हवेची शरीराला ओळख होते, रक्त बदलतं, मग वर सोडतात. जो घाई करतो तो स्ट्रेचरवरून खाली येतो. रोपांना कुणी थांबवलं नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात ती ओळीने आडवी झाली.

मेजर साहेब त्या ओळींमधून एकदा चालत गेले. "ये तो बिना ट्रेनिंग के रिक्रूट थे," एवढंच बोलले.

पुढच्या वर्षी त्यांनी बाहेरचं एक रोप आणलं नाही. आजूबाजूच्या रानातून आम्हाला बी गोळा करायला लावलं. पळस, टेंभुर्णी, धावडा, आपटा, हिवर. कॅम्पमध्ये वाफे केले, जाळी लावलीच नाही, आणि पाणी हळूहळू तोडलं. रोप मान टाकायचं, सावरायचं, पुन्हा टाकायचं. मला ट्रेनिंग सेंटरमधले माझे दिवस आठवायचे आणि रोपांची कीव यायची. पण पावसाळ्यात जी डोंगरावर चढली ती चिवट होती.

माझ्या सेक्शनमध्ये नायक बिरू देवकते होता. डोंगराच्या पलीकडच्या वस्तीवरचा, धनगराच्या घरचा. तोंडाचा फाटका आणि कामाला एक नंबर. त्याच्याच घरच्या शेळ्या आमच्या पहिल्या दुश्मन. पहिल्याच आठवड्यात त्याने सख्ख्या भावाला डोंगरावरून हाकललं आणि मला येऊन सांगितलं, "उस्ताद, दुश्मन वळखायचा आसंल तर घरापून सुरुवात कराय पायजे."

डोंगर वाचायला मी आणि तो बरोबरच शिकलो. हिवराच्या झाडाखाली जेवायला बसलो होतो तेव्हा त्याने दाखवलं, खालच्या फांद्यांना बोटभर काटे आणि वर जिथे शेळीचं तोंड पोचत नाही तिथे नुसती नखाएवढी टोकं. "पहारा कुठं लावायचा ते झाडालाबी कळतंय बगा," तो म्हणाला. कुसळी गवताने आमचे मोजे खाल्ले. त्याच्या बीला मागे लांब कुसळ असतं. दवाने त्याचा पीळ सुटतो, उन्हाने पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. वरून आग गेली तरी ते खाली सुखरूप. माझ्या पोटरीतही त्याने तोच प्रयत्न केला होता.

मग शिमग्याच्या आधी एका सकाळी बिरू धावत आला. "उस्ताद, मेली! समदी मेली!"

मी वर गेलो. पळस वाळला होता. टेंभुर्णी वाळली होती. पानं गळून नुसत्या काड्या उभ्या होत्या, बोटाने मोडल्या तर कट्कन मोडत होत्या. आठ महिने त्या रोपांना खांद्यावरून पाणी नेलेला माणूस काय करील? बिरूने शिवी दिली, खाली वाकला आणि एक काडी धरून उपटायला गेला. काडी हातात आली, बाकी काही आलं नाही. त्याने टिकाव घेतला. मी म्हटलं, "बे बिऱ्या, सोड आता." तो सोडणाऱ्यातला नव्हता. मुरूम फोडत फोडत तो हातभर खाली गेला आणि थांबला. वर होती ती काडी वीतभर आणि खाली अंगठ्याएवढं जाड मूळ, ओलं, पांढरट, अजून खाली गेलेलं.

"हे तर जितं हाय," तो म्हणाला. "मग वरचं कावून टाकलं ह्यानं?"

"पानं ठेवली तर पानातून पाणी उडून जातं," मी म्हटलं. "खायला घरात नसलं की आपण पाहुणे कमी करतो ना, तसं."

"म्हंजे चौकी सोडली आन् बंकर धरला." त्याने माती परत लोटली, दगड लावला, स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि जणू मीच ते उपटायला सांगितलं होतं अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

मेजर साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांनी आम्हाला आधी सांगितलं नव्हतं याचा मला रागच आला. ते म्हणाले, "पलाश तीन-चार साल ऐसा ही करेगा. ऊपर का छोड़ देगा, जड़ भरेगा. फिर जिस साल उठेगा, बैठेगा नहीं." त्या संध्याकाळी बिरूने कडक सॅल्यूट मारून रिपोर्ट दिला, "साहेब, पळस समदे रजेवर." साहेबांनी विचारलं, "छुट्टी किसने मंज़ूर की?" बिरू म्हणाला, "डोंगरानं, साहेब." मेजर साहेबांना मी तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये कुणी मेलं म्हणत नसे.

गावाला मात्र खालून फक्त काड्या दिसायच्या. क्रशरवाला टपरीवर बसून सांगायचा की फौजेने मुरमात काटक्या रोवल्यात. पावसाळ्यात त्या काटक्या फुटल्या, थोड्या वर आल्या, पुन्हा हिवाळ्यात वाळायला लागल्या. तिसरं वर्ष संपत आलं. पाहणी उन्हाळ्याच्या शेवटी होणार होती.

पाहणी जवळ आली तसा वरून आदेश आला, एरिया चकाचक करा. फौजीला हा शब्द ऐकवला की त्याचं डोकं बंद होतं. वणवा पसरू नये म्हणून आम्ही डोंगराला आडवा जाळपट्टा काढला होता, गवत खरवडून मोकळी केलेली रुंद पट्टी. कापलेल्या गवताच्या पेंढ्या त्याच पट्ट्यावर, दोरी धरून, ड्रेसिंग घेऊन, एका रेषेत रचल्या गेल्या. बघायला फार सुंदर दिसत होतं. अशी चूक फक्त फौजच करू शकते.

मार्चमधली दुपार होती, दोनच्या सुमाराची. मी खालच्या बांधावर होतो, बिरू दोघा जवानांसोबत वर घळीच्या तोंडाशी. पायथ्याला कुणीतरी शेतात कापसाची पऱ्हाटी पेटवली होती. मी वॉकी-टॉकी उचलला.

"ब्राव्हो टू, धूर दिसतोय का? ओव्हर."

"दिसतोय उस्ताद. पऱ्हाटी पेटवलीया. वारं आपल्याकडं हाय. ओव्हर."

मी सेक्शन खाली घेतला. ओली बारदानं, निरगुडीच्या फांद्या, जे हाताला लागेल ते. गवत वाळून कडकडीत झालेलं. आग जाळपट्ट्यापर्यंत आली आणि मला वाटलं इथे थांबेल. ती पहिल्या पेंढीवर बसली, दुसरीवर गेली, आणि आम्ही दोरी धरून आखून दिलेल्या रेषेवरून पट्टा ओलांडून पलीकडे उतरली. पलीकडे घळ होती.

"ब्राव्हो टू, आग तुमच्या बाजूला. माणसं कातळावर घे. ओव्हर."

"दोघं घेतले. उस्ताद, घळीत बाया हायेत. गवात कापायला आल्यात. ओव्हर."

"बिरू, थांब. मी येतोय. वारं फिरतंय."

"दिसत्यात मला त्या. जातो. आऊट."

त्यानंतर सेटवर काही आलं नाही. घळीत पारूबाई आणि तिची सून होत्या, त्या वर्षी ऊसतोडीवरून लवकर परतलेल्या. गावातल्या बायकांना डोंगरावरचं गवत कापून न्यायची मोकळीक होती. काय झालं ते पारूबाईने नंतर सांगितलं. घळीच्या टोकाला कातळ सरळ उभा आहे. बिरूने भिंतीला पाठ लावली आणि म्हणाला, चढा. सून त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर गेली. म्हातारीला त्याने उचलून वर ढकललं, सुनेने हाताला धरून ओढलं. दोघी वर पोचल्या. त्याला उचलायला खाली कुणी नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा घळ काळी झाली होती. तो कातळाखाली सापडला, तोंडावर टोपी ओढून घेतलेला. वर्दी फारशी जळाली नव्हती. धुराने गेला. मी त्याला खांद्यावर घेतलं आणि खाली येईपर्यंत कुणाकडे दिलं नाही. एवढंच लिहितो.

वस्तीवर सलामी दिली. तिरंगा घडी करून मेजर साहेबांनी त्याच्या बायकोच्या, केशरच्या हातात दिला. दहाव्यानंतर मी एकटाच तिला भेटायला गेलो. ती दारात ज्वारी पाखडत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

मग म्हणाली, "हवालदार भाऊ, लोक म्हणत्यात समदी झाडं जळाली. डोंगर क्रशरला जाणार हाय. खरं हाय का?"

"म्हणतात खरं."

"मग आमचे मालक कशापायी गेले?"

मी पारूबाईचं नाव काढणार होतो. तिने ते ओळखलं. "ते कळतंय मला. म्हातारी जिती हाय, सून जिती हाय, बरं झालं. पर तीन वर्सं सणाला घरी न येता त्या डोंगरावर व्हते ते. निस्त्या राखंपायी व्हते का?"

"डोंगर जिवंत आहे, ताई."

"कशावरून?"

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्या वेळी मला जो संताप आला तो कुणावर होता ते मलाही सांगता येणार नाही. "दाखवतो," मी म्हटलं आणि उठलो.

कॅम्पवर वरून विचारणा येऊन पडली होती, रोपं किती जिवंत. मेजर साहेब कोरा कागद समोर ठेवून बसले होते. "हवालदार साहब, क्या लिखूँ?"

"लिहा साहेब. जमिनीवर शून्य, जमिनीखाली पूर्ण."

"ऐसे नहीं लिख सकते."

"मग तसं लिहिता येईपर्यंत लिहू नका."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांचीही नोकरी होती, तरी कागद कोराच राहिला.

ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या तशी, पाहणीची वाट न बघता डोंगर परत मागून क्रशरला द्यायच्या ठरावासाठी ग्रामसभा बोलावली गेली. मंदिरासमोर पटांगणात सगळं गाव बसलं. क्रशरवाला उभा राहिला आणि चांगलं बोलला, हे मला मान्य आहे. म्हणाला, "जळका डोंगर ठिवून करता काय? क्रशर झाला तर हितंच काम मिळंल. दर सालाला लेकरंबाळं घिऊन कारखान्यावर जायाची पाळी येणार न्हाई." यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर ते जड जात होतं. कोयत्याने हात सोलवटलेली माणसं माना डोलवत होती.

मी उभा राहिलो. भाषण मला जमत नाही. म्हटलं, "वैशाख संपेपर्यंत थांबा. मग ठराव करा."

कुणीतरी मागून ओरडला, "वैशाखात पाऊस पडतोय का?"

"पाऊस लागणार नाही. इथलं झाड पावसाची वाट बघत बसत नाही. मूळ खाली आहे, ओल खाली आहे. पावसाच्या आधी फुटून तयार राहतं ते."

लोक हसले. एक जण म्हणाला, हवालदाराला ऊन लागलंय. मी म्हटलं, लागलंय, तीन वर्षं लागतंय, तरी उभा आहे ना. हशा वाढला. सरपंच हात वर करून मत घ्यायला निघाले, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून पारूबाई उठली. ती ग्रामसभेत याआधी कधी बोलली नव्हती.

"दसरा झाला की आमी निघतो," ती म्हणाली. "सा म्हैने घराला कुलूप. दारात गवात वाढतं, चुलीत मांजर झोपतं. तवा पावना आला तर काय म्हणंल? गाव मेलं म्हणंल. मेलं व्हतं का आपलं गाव? आलो का न्हाई आमी परत? आपली घरं सा म्हैने तशीच्या तशी ठिवायची आन् त्या डोंगराला एक म्हैना द्यायचा न्हाई का रे बाबांनो?"

ती खाली बसली. सुनेने तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. पटांगणात कुणी हसलं नाही. टोळीच्या मुकादमाने आधी हात वर केला, मग त्याची माणसं, मग बाकीचे. वैशाखाअखेरपर्यंत मुदत मिळाली.

तो महिना मला फार लांब गेला. रोज सकाळी वर जायचो आणि काळ्या जमिनीवर बसून खाली यायचो. शंका आली नाही असं म्हणणार नाही. शेवटी मी बी ओळखणारा माणूस नाही, हुकूम ओळखणारा आहे. एके दिवशी क्रशरवाल्याची माणसं टेप आणि फक्कीचं पोतं घेऊन आली आणि घळीच्या बाजूने खुणा करू लागली. मी सेक्शन फॉल-इन केला आणि त्या पांढऱ्या रेषेवरून कदमताल करवला. फक्की बुटांना लागून गेली. "मुदत संपली नाही," मी त्यांना म्हटलं. "तोवर हा डोंगर पलटणीचा. लाइन मारायची हौस असेल तर शाळेच्या मैदानावर जा, कबड्डीला उपयोगी पडेल." ते गेले. मेजर साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि चहा पाजला.

वैशाखातल्या सर्वांत तापलेल्या आठवड्यात टेंभुर्णी फुटली. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता, वारा तोंडावर भाजत होता, आणि राखेतून लालसर कोंब वर आले होते. मी आधी विश्वास ठेवला नाही, गुडघे टेकून बघितलं. दोन दिवसांत पळस आला. जळालेल्या खुंटाच्या बगलेतून एकाच्या जागी तीन-तीन फुटवे, मखमलीसारखी लव असलेले. धावडा आला, आपटा आला, हिवर उशिरा आला पण काट्यांसकट आला. सगळी आली नाहीत. घळीत जिथे आग सगळ्यात जास्त वेळ जळत राहिली तिथली पुष्कळशी कायमची गेली. पण खालून बघणाऱ्यालाही डोंगराचा रंग बदललेला दिसत होता.

मी जवानांना आधी सांगितलं नाही, साहेबांनाही नाही. आधी वस्तीवर गेलो आणि केशरला घेऊन आलो. ती चढ न थांबता चढली. पळसाच्या फुटव्यापाशी वाकली, पानावरून बोट फिरवलं.

"ह्यो कोन?"

"पळस."

"लई मऊ हाय," ती म्हणाली आणि तिथेच बसून पोटभर रडली. आगीनंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मीही तोंड फिरवलं नाही. रडू आलं, ते येऊ दिलं.

ग्रामसभा त्या वेळी डोंगरावरच भरली. क्रशरवाला म्हणाला हे गवत आहे. मी म्हटलं उपटून बघा. दोन्ही हात लावून त्याने बघितलं. पाहणीवाले आले, त्यांनीही पाहिलं, मोजलं, सही केली. डोंगर राखीव झाला. क्रशरवाल्याने पायथ्याची जमीन पुढे विकली असं कानावर आलं. त्याच्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही, फार तर थोडंसं आहे.

एक गोष्ट राहिली. दर सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर झेंडावंदनानंतर तालुक्यातल्या शहिदांची नावं वाचतात. बिरूचं नाव त्यांत नव्हतं. मी चौकशी केली. तो लढाईत पडलेला नाही, असं उत्तर मिळालं. ड्युटीवर गेला, वर्दीत गेला, दोन जीव वाचवून गेला, पण समोर दुश्मनाची गोळी नव्हती. पहिल्या वर्षी यादी संपली तेव्हा मी रांगेतून परेडच्या आवाजात ओरडलो, "नायक बिरू देवकते!" लोक वळून बघायला लागले. कार्यक्रमानंतर आयोजकांपैकी एक जण माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हवालदार, ते नियमात बसत नाही." मी म्हटलं, "मग नियम तुम्ही वाचा. नाव मी वाचतो." पुढच्या वर्षी पुन्हा ओरडलो. त्याच्या पुढच्या वर्षी मला मागच्या रांगेत उभं केलं, तिथूनही आवाज पोचला.

यंदा यादी संपली, दोन मिनिटं शांतता झाली, आणि मी छाती भरून घेतली. माझ्या आधी बायकांच्या बाजूने आवाज आला. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मारून टाकलं तरी घेत नाहीत. मालक म्हणतील, ह्यांनी म्हणतील, पोराचा बाप म्हणतील. केशरने लग्न झाल्यापासून ते तोंडातून काढलं नव्हतं, हे तिच्या वस्तीला ठाऊक आहे. ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभी होती आणि भरल्या मैदानावर, झेंड्याकडे बघत, रँकसकट म्हणाली, "नायक बिरू देवकते."

मग पारूबाई म्हणाली, ती यंदा टोळीबरोबर गेली नव्हती. मग वस्तीवरच्या बाया म्हणाल्या, आणि मग मैदान म्हणालं. मी सावधानमध्ये उभा राहिलो. माझ्या ओरडण्याची यंदा गरज पडली नाही.